ज्ञानदाचा हातचा

तुपेबाईंच्या वर्गात सवत आली ती फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी, टेम्पोतून, तीस खोक्यांत भरून.

खोकी उतरवून घेताना लेंगरे गुरुजी जेवढे खुशीत होते, तेवढे स्वतःच्या लग्नातही नसतील. लेंगरे गुरुजी म्हणजे वाकळेमळ्याच्या जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक. प्रत्येक खोक्यात एक पाट होता. जेवायला बसतो तसाच, लाकडी रंगाचा, हातभर लांब. कागदोपत्री त्याचं नाव 'स्पर्शानुकूल अध्ययन पृष्ठ' होतं. तिसरीच्या पोरांनी पहिल्याच दिवशी त्याला पाट म्हणून टाकलं, आणि पुढे सरकारी पत्रांतसुद्धा पाटच आला.

"बाई, आता तुमचा त्रास वाचला," गुरुजी म्हणाले.

त्रास! तुपेबाईंनी नाक मुरडलं. चोवीस वर्षं त्यांनी तो त्रास हौसेनं केला होता. त्यांच्या वर्गात तीन कोपरे होते. पहिला चिंचोक्यांचा. ज्यांना दशक-एकक अजून उमगलेलं नाही, ती पोरं तिथे दहा-दहा चिंचोक्यांच्या पुरचुंड्या बांधत आणि सोडत. दुसरा दोरीचा. खिडकीपासून दारापर्यंत ताणलेल्या दोरीवर शंभर गाठी, आणि कपड्यांचे चिमटे लावत पोरांनी पुढेमागे जायचं. तिसरा तराजूचा. तिथे हुशार मंडळी डाव्या पारड्यात काय टाकलं की उजवं खाली येईल याची भांडणं करत. गणित एकच, वाटा तीन. जो जिथे अडला त्याला तिथे गाठायचं. हे बघायला शेजारच्या तालुक्यातून शिक्षक येत, फोटो काढत, आणि आपल्या गावी जाऊन पुन्हा फळ्यावर पाढे लिहीत.

पाट बसवून द्यायला नौशीन शिकलगार नावाची इंजिनीअर आली होती. जवळच्या विट्याचीच मुलगी, बोलायला मोकळी. तिने एक पाट मांडीवर घेऊन बाईंना समजावून सांगितलं.

"चूक तोंडात यायच्या आधी बोटांत येते, मॅडम. मूल ठोकळा उचलायला हात नेतं ना, तेव्हा मनात शंका असेल तर बोट क्षणभर अडतं. इतकं कमी की आपल्याला दिसत नाही. पाटाच्या पृष्ठभागाखाली केसाएवढ्या तारांची जाळी आहे. ती बोटाचा दाब सेकंदाला चारशे वेळा मोजते. आठवडाभरात तिला कळतं, की हे मूल नेमकं कुठे अडतंय."

"आणि कळल्यावर?"

"प्रत्येक ठोकळ्यात बारीक लोहचुंबक आहे. असे दहा ठोकळे जोडले की दशकाचा दांडा. पाटाखाली तारेची वेटोळी आहेत, त्यांतून वीज सोडली की चुंबकाची पकड घट्ट किंवा सैल होते. मूल चुकीचा ठोकळा उचलायला गेलं की तो किंचित जड लागतो. बरोबर वाटेला लागलं की हलका. मदत कळतच नाही, आणि पाट ती हळूहळू काढून घेतो. गणित कडेला उमटतं, तेही ज्याचं त्यालाच दिसतं. तीस मुलं, तीस गणितं. कोण पुढे, कोण मागे, शेजाऱ्यालाही पत्ता नाही."

शेवटचं वाक्य बाईंना झोंबलं. चिंचोक्यांच्या कोपऱ्यात कोण बसतं हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

आणि त्या कोपऱ्यात दुसरीपासून दीड वर्ष एकच पोरगी ठाण मांडून होती, ज्ञानदा मुळीक. नाव ठेवताना आईबापांनी जरा घाईच केली म्हणायची. पोरगी गुणी, चित्रं सुरेख काढायची, पण हातच्याची वजाबाकी म्हटलं की गाडं रुतायचं. त्रेचाळीसमधून अठरा काढायचे म्हटलं, की ती आठातून तीन काढून मोकळी व्हायची आणि ऐटीत पस्तीस सांगायची. दशकाची पुरचुंडी सोडायला तिचा हातच धजत नसे.

"सोडली की कमी हुतंय बाई," ती म्हणायची.

"अगं, दहाचे दहाच राहतात, मोज!"

ती मोजायची, दहा म्हणायची, आणि पुढच्या गणिताला पुन्हा पस्तीस.

हे नुसतं गणित असतं तर बाईंनी एकदा हात टेकले असते. पण ज्ञानदाचे आईवडील तिकडे तमिळनाडूत, सेलमला होते. त्या भागातली कितीतरी घरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगलेली, त्यांतलंच हे एक. पोरगी काकूकडे राहायची. सेलमच्या शाळेत चौथीला घ्यायचं तर एप्रिलमध्ये परीक्षा, आणि परीक्षेत सगळा भर गणितावर. मागच्या वर्षी तिसरीसाठी दिली तेव्हा ती नापास झाली होती. यंदाही झाली तर आणखी एक वर्ष काकूकडे. दिवाळीत तिची आई बाईंचा हात धरून रडली होती, आणि बाईंनी शब्द दिला होता, "मार्चअखेर तुमच्या पोरीला हातचा येणार. मी शिकवणार."

त्या वाक्यातला 'मी' बाईंनी जरा जोरातच म्हटला होता.

पाट आल्यावर नवव्या दिवशी ज्ञानदाने त्रेचाळीसमधून अठरा काढले.

बाई दोन हात अंतरावर उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं. पोरीने चार दांडे मांडले, तीन सुटे मांडले. बोटं दांड्यावरून फिरवली. मग एक दांडा टक् करून मोडला, दहा सुटे केले, तेरातून आठ बाजूला सारले, एक दांडा बाजूला सारला. उरले पंचवीस. पाटाची कड हिरवी झाली. पोरगी हसली.

पाटाकडे बघून हसली.

दीड वर्ष ती प्रत्येक चिंचोका उचलला की मान वर करून बाईंच्या तोंडाकडे बघायची. बाई, बरोबर? बाई, हा? दिवसातून शंभरदा ते डोळे वर यायचे, आणि बाई कधी कधी कावून म्हणायच्याही, माझ्या तोंडावर उत्तर लिहिलंय का गं? आता नऊ दिवस झाले, त्या पोरीने एकदाही मान वर केली नव्हती. आनंद व्हायला हवा होता, झाला तो जळफळाट. त्यांनी तो स्वतःपासून लपवायचाही प्रयत्न केला नाही. त्यांना पाटाचा हेवा वाटला, सरळ हेवा.

मग त्यांनी करू नये ते सुरू केलं. मधल्या सुट्टीत ज्ञानदाला एकटीला बोलावून चिंचोके पुढे मांडले. रविवारी घरी बसून मण्यांचे नवे दशक ओवले, लाल-पिवळे, दोरा सोडला की खुळखुळणारे. ज्ञानदा निमूट बसायची आणि सारखी वर्गाच्या दाराकडे बघायची. शेवटी एकदा तिची काकूच शाळेत आली.

"बाई, पोरगी म्हणती मला मधल्या सुट्टीत खेळू द्या. आणि घरी तर दिसभर पाटाचंच चाललंय बघा. माझा पाट असा, माझा पाट तसा. आधी नुसतं आमच्या बाई, आमच्या बाई करायची." काकू भाबडेपणानं हसली. "बरंच झालं म्हणा, तुमच्या मागची पीडा गेली."

बाईही हसल्या. त्या दिवशी त्यांना डबा गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मुलं खिचडीच्या रांगेत असताना त्यांनी वर्गाचं दार लोटलं आणि ज्ञानदाच्या जागेवर, ज्ञानदाच्या पाटापुढे मांडी घालून बसल्या. शत्रू जवळून पाहावा म्हणून. पाटाने अनोळखी बोटं ओळखली आणि साध्या बेरजेपासून सुरुवात केली. बाईंनी तुच्छतेनं ठोकळे सरकवले. पाट झपाझप वर चढला आणि दहा मिनिटांत येऊन थांबला तो अपूर्णांकांच्या भागाकारावर.

अर्ध्याला एक-तृतीयांशाने भागा.

बाईंची बोटं अडली. खालचा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं, हे त्यांना पाठ होतं. पण उलटा का करायचा? शाळेत विचारलं तेव्हा मास्तर ओरडले होते, डी.एड.ला विचारायची लाज वाटली होती, आणि नंतर वरच्या वर्गांवर कधी नेमणूक आली की बाई तो धडा घाईघाईनं उरकत. हे त्यांनी जन्मात कोणाला सांगितलं नव्हतं. पाटाला कळलं.

त्याने बारा ठोकळ्यांचा एक दांडा मांडायला लावला. त्याचा अर्धा, सहा. त्याचा तिसरा हिस्सा, चार. आता सहात चार किती वेळा मावतात? बाईंनी चार सारले. एकदा. उरले दोन. म्हणजे अर्धी वेळ.

"दीड!" बाई एकट्याच ओरडल्या. "अगं बाई, दीड!"

चोवीस वर्षांत त्या कुठे अडतात हे कोणी विचारलं नव्हतं. नवऱ्याने नाही, साहेबांनी नाही, प्रशिक्षणांत तर नाहीच. कोणीतरी आपल्या बोटांकडे इतकं लक्ष देतंय या जाणिवेनं त्यांचे डोळे भरून आले. आणि तेवढ्यात त्यांना पाटाचा नाही, ज्ञानदाचा हेवा वाटला. आठ वर्षांच्या पोरीचा. तिला हे रोज मिळत होतं.

मग त्यांना आठवलं, की मघाशी पहिला हात त्यांनी चुकीच्या ठोकळ्यावरच नेला होता आणि तो जड लागला होता. त्यांनी सहा ठोकळे पुन्हा मांडले. मुद्दाम तीन उचलायला गेल्या. जड. चार उचलले. हलके. म्हणजे 'दीड' त्यांना सुचलं होतं, की सुचवलं गेलं होतं?

बाईंना धक्का बसायला हवा होता. बसला तो हर्ष. लबाडा, सापडलास, त्या पाटाला म्हणाल्या.

आता ज्ञानदाची बोटं त्यांनी नीट पाहिली आणि सगळं लख्ख कळलं. पोरगी एकेक दांडा हलकेच चाचपायची. पाट एका दांड्याची पकड सैल करायचा. सैल लागला की ती मोडायची. तिला हातचा आलाच नव्हता. मदत हळूहळू काढून घेणार म्हणे! पाट मदत रोज थोडी कमी करत होता, आणि पोरीची बोटं रोज थोडी जास्त हळवी होत होती. मशीनला बोटांचं अडखळणं कळत होतं, तर बोटांनाही मशीन कळायला लागलं होतं. मुलं लबाड नसतात, पण आयतं मिळालं तर घेतात.

हे नौशीनला सांगता आलं असतं. एक फोन पुरे होता. पण बाईंना दुरुस्ती नको होती, बाईंना फजिती हवी होती.

फेब्रुवारीअखेरची केंद्राची शिक्षण परिषद वाकळेमळ्यात भरली. बारा शाळांचे चाळीस शिक्षक सतरंजीवर, केंद्रप्रमुख खुर्चीवर, नौशीन बाजूला. नमुना म्हणून गुरुजींनी ज्ञानदाला पुढे बोलावलं. "दीड वर्ष जिला हातचा येत नव्हता, ती ही मुलगी," असं त्यांनी सगळ्यांना सांगितलंसुद्धा. ज्ञानदाचे कान लाल झाले.

पाट तिच्यापुढे ठेवायचं काम बाईंचं होतं. ठेवता ठेवता त्यांनी खालचं बटण दाबून तो बंद केला.

"पाटाचं नको, गणित मीच देते," बाई मोठ्यानं म्हणाल्या. "एकसष्टातून चौतीस."

ज्ञानदाने सहा दांडे मांडले, एक सुटा मांडला. मग बोटं फिरवू लागली. पहिला दांडा. दुसरा. तिसरा. सगळे सारखेच घट्ट. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सतरंजीवर कोणीतरी खाकरलं. ती सुट्याकडे वळली, तो उचलला, परत ठेवला. बाईंना हवं होतं तेच घडत होतं. अजून अर्धं मिनिट, आणि मग उठून सांगायचं, पाहिलंत, शिकवते ती बाई असते.

आणि ज्ञानदाने मान वर केली.

तीन आठवड्यांनी ते डोळे बाईंच्या चेहऱ्यावर आले. पाण्याने डबडबलेले. बाई, हा?

बाईंना आधी काय वाटलं ते सांगायलाच हवं. त्यांना गोड वाटलं. परत आली, असं वाटलं. त्यानंतर लाज वाटली, आणि ती इतकी वाटली की सतरंजीखालची फरशी दुभंगली तर बरं असं झालं. पण पोरीचा हात दांड्यावर अडून होता, आणि विचार करायला वेळ नव्हता. बाईंची उजवी भुवई वर गेली.

टक्. दांडा मोडला. पोरीचे डोळे भुवईवरच. हात सुट्यांवर गेला, एक, दोन, तीन, चार, भुवई खाली आली, हात थांबला. दांड्यांवर गेला, एक, दोन, तीन, पुन्हा थांबला. उरले दोन दांडे, सात सुटे.

"सत्तावीस," ज्ञानदा म्हणाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाटासाठी. केंद्रप्रमुख उठून म्हणाले, "ही तंत्रज्ञानाची किमया!" गुरुजींचा ऊर भरून आला. फक्त नौशीन आपल्या हातातल्या पडद्याकडे बघत होती, कारण त्या पाटाची तिथे काहीच नोंद उमटली नव्हती. तिने बाईंकडे पाहिलं. बाईंनी नजर चुकवली. पाट बंद होता असं सांगावं, तर भुवईचंही सांगावं लागलं असतं.

मंडळी चहाला गेल्यावर ज्ञानदा सतरंजीच्या कडेला उभी राहिली.

"बाई, पाट बंद हुता."

"हो."

"तुम्ही केलासा?"

बाईंनी मान हलवली. खोटं बोलायचं त्राण राहिलं नव्हतं.

पोरगी रागावली नाही. तेच बाईंना जास्त लागलं. तिने थोडा विचार केला आणि सहज सांगितलं, "पाट सैल हुतोय, आणि तुमची भुवई वर जातीय. आधीपास्नं. म्हणून तर मी बघायची तुमच्याकडं."

चिंचोक्यांच्या कोपऱ्यातलं दीड वर्ष बाईंच्या डोळ्यांपुढून गेलं. ज्या नजरेसाठी त्या जळत होत्या, ती नजर त्यांच्यावर कधी नव्हतीच. ती भुवईवर होती. ज्या दिवशी उत्तर बरोबर येई, त्या दिवशी बाई घरी जाऊन नवऱ्याला सांगत, आज जमलं हो तिला. कोणाला जमलं होतं?

त्याच संध्याकाळी त्यांनी नौशीनला फोन करून सगळं सांगितलं, आपल्या बटणासकट.

"तुम्ही पहिल्यांदा पाहिलंत तेव्हाच सांगायचं होतं, मॅडम," ती म्हणाली. "मी तिच्या पाटाची मदत दूर करते. पण मग ती चुकेल. पुष्कळ चुकेल. तोवर कोणी तिला काही दाखवायचं नाही. पाटानेही नाही आणि…"

"कळलं," बाई म्हणाल्या.

मार्चमध्ये रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास असा ठरला. वर्गात दोघीच. ज्ञानदापुढे बंद पाट आणि ठोकळे, फळ्यावर एक गणित, आणि बाई तिच्याकडे पाठ करून खुर्चीत, भिंतीकडे तोंड. पोरीनं उत्तर मांडायचं, हाक मारायची, मगच बाईंनी वळायचं आणि फक्त चूक की बरोबर एवढंच म्हणायचं.

पहिल्या दिवशी चूक. दुसऱ्या दिवशी चूक. आठवडाभर चूक. एकदा पोरगी ठोकळे भिरकावून रडली, आणि बाई भिंतीवरच्या नकाशातली धरणं मोजत बसल्या. वळून तिला जवळ घ्यावं, एक दांडा मोडून दाखवावा, एवढाच मोह होता, आणि तो आवरताना त्यांच्या मुठी आवळल्या जायच्या. एप्रिल जवळ येत होता. सेलमहून आईचा फोन आला की बाई 'चाललंय' एवढंच सांगत.

मार्चच्या चोवीस तारखेला फळ्यावर ब्याण्णव वजा सत्तावन्न होतं. मागे ठोकळे मांडल्याचा आवाज. मग टक् आवाज झाला. दांडा मोडला होता. मग ठोकळे मोजल्याचा पुटपुटता आवाज, दहापर्यंत. मग कड्, कड्, कड् करत ठोकळे पुन्हा जोडले गेले. पुन्हा टक्. पुन्हा मोजणी. पुन्हा जोडणी. चार वेळा, पाच वेळा, सहा वेळा. खेळतेय, बाईंच्या मनात आलं, वेळ घालवतेय. ओरडायला तोंड उघडलं आणि त्यांनी ते मिटलं. सातव्यांदा टक् झालं, त्यानंतर मोजणी झाली नाही. ठोकळे सरकल्याचा आवाज आला. मग धावत गेलेल्या पावलांचा.

बाईंनी थोडी वाट पाहिली. हाक आली नाही. शेवटी वळल्या.

पाटावर एका बाजूला पाच दांडे आणि सात सुटे ओळीनं लावलेले होते. दुसऱ्या बाजूला तीन दांडे आणि पाच सुटे. पस्तीस. जागेवर पोरगी नव्हती.

ती ऑफिसात होती. गुरुजींचा फोन दोन्ही हातांत धरून, टाचा उंचावून बोलत होती. बाई दाराशी पोचल्या तेव्हा पलीकडून आईचा आवाज येत होता, हसणारा आणि रडणारा.

"…बाईंनी शिकवला का गं? का त्या पाटानं?"

बाई चौकटीला धरून उभ्या राहिल्या. उत्तर त्यांना माहीत होतं, तरी त्यांचे कान ज्ञानदाच्या शब्दांकडे लागले.

"कुणी न्हाय," ज्ञानदा म्हणाली. "माझा मला आला."

बाईंच्या काळजात हेव्याची तीच जुनी कळ उठली. पण या वेळी हेवा करायला ना पाट होता, ना आई; बोट दाखवावं असं कोणीच नव्हतं. त्यांनी ती कळ तशीच उठू दिली, आणि पोरीचं बोलणं संपेपर्यंत दाराआडून पुढे आल्या नाहीत.